कोण कुठे बसले : ब्रूटन पॅरिश चर्चची साडेतीनशे वर्षे

मराठी ख्रिस्ती माणूस दोन शब्द वेगळे ठेवतो. विटामातीचे ते देवालय आणि त्यात जमणारी माणसे ती मंडळी. देवालय पडले तरी मंडळी उरते, आणि मंडळी पांगली तरी देवालय उभे राहू शकते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग नावाचे पंधरा-सोळा हजार वस्तीचे शहर आहे. तिथल्या ब्रूटन पॅरिश या एपिस्कोपल चर्चचा इतिहास लिहिताना हा भेद सतत हाताशी ठेवावा लागतो. त्यात तिसरा शब्द पॅरिश. तो मूळचा जमिनीचा शब्द आहे: एका पाळकाच्या हद्दीत येणारा मुलूख.

हा मुलूख १६७४ साली आखला गेला. मिडलटाउन आणि मार्स्टन या दोन पॅरिश जोडून एक केली आणि तिला इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या ब्रूटन गावाचे नाव दिले. वसाहतीचा गव्हर्नर सर विल्यम बर्कली आणि सचिव टॉमस लडवेल या दोघांची घराणी त्या गावाशी जोडलेली होती. गावाचे नाव सोबत नेण्याची हौस सगळ्याच स्थलांतरितांना असते. त्याच वर्षी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मराठी वाचकाला काळाचा अंदाज यावा म्हणून सांगितले. व्हर्जिनिया तेव्हा तंबाखूच्या शेतांचा, नद्यांच्या काठाने विरळ वसलेला प्रदेश होता आणि पुढे विल्यम्सबर्ग झाले त्या जागी मिडल प्लँटेशन नावाची वस्ती होती.

पॅरिश म्हणजे केवळ उपासनेची सोय नव्हती. चर्च ऑफ इंग्लंड हाच वसाहतीचा सरकारी धर्म असल्याने पॅरिश हे स्थानिक सरकारच होते. ते चालवणाऱ्या बारा जणांच्या मंडळाला वेस्ट्री म्हणत. अनाथांची व्यवस्था, गरिबांना मदत, ठरावीक वर्षांनी शेतांच्या हद्दी पायी फिरून पुन्हा नक्की करणे, ही सगळी कामे वेस्ट्रीकडे होती आणि त्यासाठी कर बसवण्याचा अधिकारही. कर तंबाखूत गोळा होई. १६९६च्या कायद्याने पाळकाचा वर्षाचा पगार ठरला तोही सोळा हजार पौंड तंबाखू. आपल्याकडच्या बलुत्यासारखाच हा प्रकार, फक्त पायलीच्या जागी पिंप. रविवारी चर्चला न येणाऱ्यास दंड होता, आणि तोही तंबाखूत भरता येई.

पहिले विटांचे चर्च १६८३च्या अखेरीस पुरे झाले. जागा कर्नल जॉन पेज यांनी दिली. ६ जानेवारी १६८४ रोजी, प्रकटीकरणाच्या सणाला, पहिली उपासना झाली. ते चर्च तीस वर्षेही पुरले नाही, आणि त्याचे कारण राजकीय होते. १६९८ मध्ये जेम्सटाउनची सरकारी इमारत जळाली आणि पुढच्याच वर्षी राजधानी मिडल प्लँटेशनला हलवली गेली. राजा विल्यमच्या नावाने शहराला विल्यम्सबर्ग म्हणू लागले. विधिमंडळाची आणि न्यायालयाची सत्रे भरली की गाव दुपटीने फुगे. गव्हर्नर, त्याचे सल्लागार, निवडून आलेले बर्जेस, त्यांची कुटुंबे, त्यांचे गुलाम हे सगळे रविवारी एका लहान, गळक्या देवालयात येऊ लागले.

१७१० मध्ये वेस्ट्रीने सरकारकडे मदत मागितली. नवा गव्हर्नर अलेक्झांडर स्पॉट्सवुड हा इमारतींचा शौकीन माणूस होता. त्याने स्वतः आराखडा काढला: लांबी पंचाहत्तर फूट, रुंदी अठ्ठावीस, आणि दोन्ही बाजूंना भुजा असलेला क्रूसाचा आकार. व्हर्जिनियात असा क्रूसाकृती आराखडा तोवर झाला नव्हता. त्याने पैशांची वाटणीही केली. चर्चच्या दोन्ही टोकांचे मिळून त्रेपन्न फूट वेस्ट्रीने बांधायचे आणि मधले बावीस फूट, दोन्ही भुजांसह, सरकारने. विटाही गव्हर्नरच पुरवणार होता. काम जेम्स मॉरिस या कारागिराला दिले आणि १७१५ मध्ये देवालय उभे राहिले. तेच आजही उभे आहे.

ही वाटणी जरा थांबून पाहण्यासारखी आहे, कारण पुढची सगळी कथा तिच्यात आहे. देवालयाचा मध्य सरकारचा आणि दोन टोके मंडळीची. मधल्या भागात गव्हर्नरची छत असलेली उंच खुर्ची आली, तिच्याजवळ सल्लागार मंडळ, आणि भुजांमध्ये बर्जेस. या मानाच्या बाकांसाठी विधिमंडळाने दोनशे पौंड मंजूर केले. ते आले दारू आणि गुलामांच्या आयातीवरच्या जकातीतून. देवघरातली मानाची जागा कुठल्या पैशातून उभी राहिली हे कागदावर इतके उघड लिहिलेले क्वचितच सापडते. लपवण्यासारखे त्यात काही आहे असे त्या काळी कुणाला वाटलेच नसावे.

बाकी लोकांनी कुठे बसायचे हेही वेस्ट्री ठरवीत असे. पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला, असा ठराव झाला. बाके म्हणजे दारे असलेले लाकडी खण. हिवाळ्यात त्यांतून वारा कमी लागे, आणि कोण कुठल्या खणात शिरतो ते सगळ्यांना दिसे. पश्चिमेची गॅलरी कॉलेजच्या मुलांना दिली. तिला दार केले, दाराला कुलूप लावले आणि किल्ली चर्चच्या राखणदाराकडे सोपवली. मुलांनी काय केले असेल ते कुठल्याही शाळेतल्या बाकांकडे पाहून सांगता येईल: कठड्यावर चाकूने नावांची आद्याक्षरे कोरली. ती अजून तिथे आहेत.

हे कॉलेज म्हणजे विल्यम अँड मेरी. १६९३ची सनद मिळवून ते उभे करणारे जेम्स ब्लेअर हेच १७१० ते १७४३ ब्रूटनचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, होते. जन्माने स्कॉटिश, स्वभावाने भांडखोर. लंडनच्या बिशपचा प्रतिनिधी म्हणून व्हर्जिनियातल्या चर्चवर त्यांची नजर असे आणि एकापेक्षा अधिक गव्हर्नरांना खुर्ची सोडावी लागण्यात त्यांचा हात होता. प्रतिनिधीची गरज पडे, कारण अमेरिकेत बिशपच नव्हता. ‘एपिस्कोपल’ या शब्दाचा अर्थच बिशपांच्या अधिकाराखालचे. पण ज्या परंपरेला पुढे हे नाव मिळाले ती व्हर्जिनियात पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ बिशपाविना चालली. पाळक व्हायचे तर दीक्षेसाठी अटलांटिक ओलांडून लंडनला जावे लागे. परिणामी इथले पाळक बिशपपेक्षा वेस्ट्रीला अधिक घाबरत, आणि वेस्ट्रीतले जमीनदार कुणालाच नाही.

१७५२ मध्ये पूर्वेकडची वेदीची बाजू वाढवली. १७५४ मध्ये स्मशानभूमीला विटांची भिंत झाली. १७५५ मध्ये ऑर्गन आला आणि त्याच्याबरोबर पीटर पेलहम हा वादक. पेलहमने जवळपास अर्धे शतक इथे ऑर्गन वाजवला. केवळ संगीतावर घर चालेना म्हणून मधली काही वर्षे तो सरकारी तुरुंगाचा अधिकारीही होता. ऑर्गनचा भाता दाबायला तो तुरुंगातला कैदी घेऊन येई, असे सांगतात. खरे असेल तर त्या देवालयात बसायची, किंवा उभे राहायची, आणखी एक जागा आपल्याला कळते.

१७६१ मध्ये जेम्स टार्पली या व्यापाऱ्याने घंटा दिली. लंडनच्या व्हाइटचॅपल ओतशाळेत ती घडली. तिच्यासाठी नीट मनोरा मात्र १७६९ मध्ये झाला. बेंजामिन पॉवेलने बांधलेल्या या मनोऱ्याच्या विटांचा रंग जुन्या भिंतींशी जुळत नाही. रस्त्यावरूनही फरक दिसतो. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या आणि अजून वाजतात. टार्पलीच्या घंटेचे नशीब साधे: ती जिथे टांगली तिथेच राहिली, फक्त तिच्याखालची राज्ये बदलली.

आता ज्यांना खालची बाके नव्हती त्यांच्याविषयी. स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास विल्यम्सबर्गची निम्म्याहून अधिक वस्ती काळ्या लोकांची होती आणि त्यांतले बहुतेक गुलाम. ते मालकांमागून चर्चला येत. त्यांची जागा वरच्या गॅलरीत किंवा मागे. ब्रूटनच्या नोंदवहीत अठराव्या शतकातल्या गुलामांचे बाप्तिस्मे शेकड्यांनी नोंदले आहेत. नोंदीचा साचा एकच. मुलाचे एकेरी नाव, बहुधा आईचेही, आणि शेवटी मालकाचे पूर्ण नाव. बाप्तिस्मा झाला म्हणून गुलाम मुक्त होत नाही, असा कायदा व्हर्जिनियाने १६६७ मध्येच करून ठेवला होता. मालकांची भीती त्यामुळे गेली आणि पाळकांना नोंदवही मोकळेपणाने उघडता आली. तरीही आया मुले घेऊन आल्या. का आल्या, याचे उत्तर त्या नोंदवहीत नाही. पण मुलाचे नाव कुठेतरी शाईने लिहिले जाणे ही गोष्ट गुलामाच्या आईला लहान वाटली नसेल.

१७६० मध्ये लंडनच्या ब्रे संस्थेने काळ्या मुलांसाठी विल्यम्सबर्गमध्ये शाळा काढली. अ‍ॅन वेगर ही शिक्षिका. मुलांना वाचन आणि धर्मशिक्षण मिळे. हेतू असा की त्यांनी आपली गुलामी ईश्वराची इच्छा समजून स्वीकारावी. चौदा वर्षांत तीनशे ते चारशे मुले त्या शाळेत बसली. वाचायला शिकलेले मूल पुढे काय वाचेल यावर शिकवणाऱ्याचा ताबा राहत नाही, हे आपल्याकडच्या मिशन शाळांच्या इतिहासावरूनही ठाऊक आहे. या शाळेची देखरेख करणारे रॉबर्ट कार्टर निकोलस हे ब्रूटनच्या वेस्ट्रीचे सभासद, वसाहतीचे खजिनदार आणि अर्थातच गुलामांचे मालक.

हेच निकोलस १७७४ मध्ये पुन्हा भेटतात. चहाच्या प्रकरणावरून ब्रिटिशांनी बोस्टनचे बंदर बंद केले. त्याच्या निषेधार्थ १ जून हा दिवस उपास आणि प्रार्थनेचा पाळावा, असा ठराव निकोलस यांनी मांडला. ठरावाची कल्पना टॉमस जेफरसन आणि त्यांच्या तरुण मित्रांची. पण ती एखाद्या धार्मिक वळणाच्या प्रौढ माणसाने मांडली तर शोभेल, हा हिशेब त्यांनी केला होता. गव्हर्नर डनमोरने चिडून विधिमंडळच बरखास्त केले. तरी त्या दिवशी सभासद ब्रूटनमध्ये जमले. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी रोजनिशीत चर्चला जाऊन दिवसभर उपास केल्याची नोंद केली आहे. सरकारच्या पैशाने बांधलेल्या भुजांमध्ये बसून सरकारविरुद्ध केलेली ती प्रार्थना होती. स्पॉट्सवुडने हे गृहीत धरले नव्हते.

क्रांतीने या मंडळीला बळ दिले नाही, उलट उपाशी ठेवले. १७८० मध्ये राजधानी रिचमंडला गेली. १७८६ मध्ये जेफरसन यांचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला, सरकारी धर्म संपला, कर संपला. १८०२च्या कायद्याने पॅरिशच्या जमिनींनाही हात घातला. ज्या मंडळीला वर्गणी मागायची सवयच नव्हती तिला एकदम स्वतःच्या पायांवर उभे राहायचे होते. चर्च ऑफ इंग्लंडचे नावही टाकून द्यावे लागले आणि अमेरिकेत प्रॉटेस्टंट एपिस्कोपल चर्च अशी नवी संस्था झाली. व्हर्जिनियाचा पहिला बिशप १७९० मध्ये मिळाला, तो विल्यम्सबर्गमधूनच: कॉलेजचे प्रमुख जेम्स मॅडिसन. राष्ट्राध्यक्ष झालेले मॅडिसन वेगळे. हे त्यांचे चुलतभाऊ.

वरच्या गॅलरीतले लोकही याच सुमारास निघून गेले. गॉवन पॅम्फ्लेट या, खाणावळीत राबणाऱ्या गुलामाने उपदेश करायला सुरुवात केली आणि १७७६ पासून काळ्या लोकांची स्वतंत्र बॅप्टिस्ट मंडळी जमू लागली, अशी त्या मंडळीची परंपरा सांगते. आधी झाडाझुडपांच्या आडोशाला, मग नॅसॉ रस्त्यावर मिळालेल्या एका इमारतीत. ब्रूटनच्या इतिहासात या जाण्याचा उल्लेख फार वर्षे नव्हता. माझ्या मते तो असायला हवा, कारण बसायला जागा नसलेल्यांनी उठून जाणे ही कुठल्याही देवालयाच्या इतिहासातली मोठी घटना असते.

एकोणिसावे शतक थोडक्यात उरकते. गाव निजले होते. १८३९-४० मध्ये मोठे चर्च परवडेना, की तेव्हाच्या रुचीला मानवेना, म्हणून आत आडवी भिंत घालून त्याचे दोन भाग केले. एकात उपासना, दुसऱ्यात रविवारची शाळा. उंच व्यासपीठ आणि जुने खण गेले. ५ मे १८६२ रोजी यादवी युद्धातली लढाई विल्यम्सबर्गच्या वेशीवर झाली आणि दक्षिणेच्या सैन्यातले जखमी या चर्चमध्ये आणून ठेवले. त्या दिवसांत कोण कुठे बसायचे हा प्रश्नच नव्हता. सगळे आडवे होते.

१९०३ मध्ये रेव्हरंड डब्ल्यू. ए. आर. गुडविन हे चौतिशीच्या आतले पाळक आले. जुन्या वस्तूंवर जीव जडलेला हा माणूस पैसे मागण्यात पटाईत होता. त्यांनी १९०५ मध्ये जीर्णोद्धार सुरू केला. आडवी भिंत पाडली. फरशी उकलली तेव्हा खाली कबरी निघाल्या. १९०७ मध्ये, जेम्सटाउनला तीनशे वर्षे होत असताना, चर्च पुन्हा उघडले. राजा सातवा एडवर्ड याने बायबल पाठवले आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते ठेवायला वाचनपीठ दिले. ज्या राजघराण्याविरुद्ध इथे उपास केला होता त्याच घराण्याची ही भेट. कुणी तक्रार केल्याचे दिसत नाही.

मधली काही वर्षे गुडविन न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला होते. १९२३ मध्ये कॉलेजच्या कामासाठी परतले आणि पुढे पुन्हा ब्रूटनचे रेक्टर झाले. एक चर्च पूर्वीसारखे झाले, मग सगळे शहरच का नाही, हा विचार त्यांना सोडीना. जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांच्यामागे ते चिकाटीने लागले आणि १९२६च्या अखेरीस रॉकफेलर यांनी होकार दिला. त्यातून कलोनियल विल्यम्सबर्ग हे अठराव्या शतकाचे जिवंत संग्रहालय उभे राहिले. शेकडो नवी घरे पाडली, जुनी दुरुस्त झाली, काही पायांवरून अंदाजाने नव्याने बांधली.

गंमत अशी की संग्रहालयाच्या वास्तुतज्ज्ञांनी १९३८ नंतर याच चर्चचा दुसरा जीर्णोद्धार केला आणि गुडविन यांच्या पहिल्या जीर्णोद्धारातले बरेच काही काढून टाकले. पहिला भक्तिभावाने केलेला होता, दुसरा उत्खनन आणि कागदपत्रांच्या आधाराने. आज आपण जे ‘मूळ’ चर्च म्हणून पाहतो ते भिंतींपुरते १७१५चे आहे आणि आतल्या खणांपुरते बरेचसे विसाव्या शतकाचे. याचा विषाद मानायचे कारण नाही. आपल्याकडेही देवळाच्या गाभाऱ्याचे वय एक असते, सभामंडपाचे दुसरे आणि रंगाचे तिसरे. सप्टेंबर १९३९ मध्ये गुडविन वारले. त्यांना चर्चच्या आतच पुरले आहे.

या सगळ्या जपणुकीत एक गोष्ट जपली गेली नाही. नॅसॉ रस्त्यावरचे, काळ्या बॅप्टिस्ट मंडळीचे १८५६चे विटांचे चर्च अठराव्या शतकाच्या चित्रात बसेना. विसाव्या शतकाच्या मध्यास ती जागा संग्रहालयाने विकत घेतली आणि इमारत पाडली. वर वाहनतळ झाले. २०२० मध्ये तिथे उत्खनन सुरू झाले तेव्हा पहिल्या देवालयाचा पाया आणि त्याच्या आसपास कबरी सापडल्या.

ब्रूटनच्या आवारात झालेली खोदकामे मात्र वेगळ्याच कारणाने गाजली. शेक्सपिअरची नाटके फ्रान्सिस बेकनने लिहिली आणि त्याचे पुरावे ब्रूटनच्या स्मशानभूमीतल्या गुप्त तळघरात आहेत, असे मानणारे लोक आहेत. १९३८ मध्ये मेरी बावर या बाईंनी थडग्यांवरच्या अक्षरांतून सांकेतिक खुणा ‘वाचून’ खोदायला लावले. तळघर मिळाले नाही. १६८३च्या पहिल्या चर्चचा पाया मिळाला. १९९१ मध्ये असे मानणारे काही लोक रात्री चोरून खणू लागले. शेवटी १९९२ मध्ये पॅरिशने तज्ज्ञांकडून रीतसर खड्डा घेतला, सुमारे वीस फूट खोल. खाली न हललेली माती होती.

१२ नोव्हेंबर १९६७च्या रविवारी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन पत्नीसह पुढच्या बाकावर बसले होते. रेक्टर कॉट्सवर्थ पिंकनी लुइस यांनी व्यासपीठावरून, अगदी सौम्य भाषेत, विचारले की आपण व्हिएतनाममध्ये का लढतो आहोत याचा पटेल असा खुलासा देशाला मिळेल का. राष्ट्राध्यक्षांना उठता येईना आणि उत्तरही देता येईना. दारात त्यांनी रेक्टरांशी हस्तांदोलन केले; बाईंनी गायकवृंदाची तेवढी स्तुती केली. दुसऱ्या दिवशी ही देशभराची बातमी झाली. पाहुण्याचा असा अपमान करावा का, यावर मंडळीतही दोन तट पडले. पण मधले बावीस फूट सरकारचे असलेल्या त्या देवालयात, सरकार समोर बसलेले असताना असा प्रश्न विचारला गेला, हे नोंदवहीत ठेवण्यासारखे आहे.

१९७० मध्ये इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. चारही बाजूंनी संग्रहालय असले तरी चर्च संग्रहालयाच्या मालकीचे नाही. दक्षिण व्हर्जिनियाच्या बिशपांच्या अधिकारातली ही चालती मंडळी आहे. संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात संगीत होते. ब्रे शाळेची इमारत कॉलेजच्या परिसरात एका साध्या घराच्या रूपात टिकली होती. लाकडाच्या वयावरून ती ओळखली गेली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये चाकांवरून ऐतिहासिक भागात आणून ठेवली. २०२४ मध्ये पॅरिशला साडेतीनशे वर्षे पुरी झाली.

अमेरिकेतले पुष्कळ मराठी लोक वॉशिंग्टनहून मुलांना घेऊन विल्यम्सबर्ग पाहायला जातात. गेलात तर ब्रूटनमध्येही डोकवा. खणांच्या दारांवर वॉशिंग्टन, जेफरसन यांच्या नावांच्या पट्ट्या आहेत. पण रविवारी उपासनेला जाणार असाल तर त्या नावांकडे लक्ष देऊ नका. दार लोटून कुठल्याही खणात बसता येते.